‘अडाणी’ म्हणून मोकळं होण्याआधी

‘लस फुकट, अंगणवाडी दाराशी, आशाताई बोलवायला घरी येते. तरी पोरांना टोचून घेत नाहीत, म्हणजे अडाणीच!’ हा मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय.

फुकट म्हणाल तर लसीला पैसे पडत नाहीत, खरंय. पण ऊसतोडीला गेलेल्या बाईचा दिवस मोडला की खाडा पडतो, आणि मुकादम तो हिशेबातून कापतो. पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच आजारांवरची एकत्र लस, द्यायची दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना. दिवाळीच्या सुमारास जन्मलेल्या बाळाच्या या तिन्ही तारखा साखर कारखान्याजवळच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, येतात. बाळाचं नाव गावच्या आशाताईच्या यादीत, बाळ दुसऱ्याच जिल्ह्यात. कुठल्याही सरकारी सत्रात लस मिळते, पण ते सत्र कधी आणि कुठे, हे उसाच्या फडावर येऊन सांगणार कोण?

दाराशी म्हणाल तर लहान गावात सत्र बहुधा महिन्यातून एकदा. आता गोवर-रुबेलाची कुपी बघा. एका कुपीत बऱ्याच बाळांपुरते डोस. पूड द्रावणात मिसळली की ४ तासांत संपवायची, उरली तर टाकून द्यायची. एकच बाळ आलं तरी कुपी फोडा, असं सरकारचंच धोरण आहे. पण वाया गेलेल्या डोसांचा जाब कोण देणार, म्हणून लस देणाऱ्या नर्सताईंचा हात आखडतो. ‘अजून दोघं-तिघं आली की फोडू, नाहीतर पुढच्या महिन्यात या.’ आई परत जाते. ती आली होती हो! नोंद मात्र ‘बाळ राहिलं’ एवढीच.

पेंटानंतर रात्री बाळ तापतं. हा ताप अपेक्षित असतो, एक-दोन दिवसांत उतरतो. दुपारी कुणी हे सांगितलंच नसेल, तर सासूबाईंचं ‘आता पुन्हा नेऊ नकोस’ हेच शेवटचं ठरतं.

राहिला अडाणीपणा. नकार देणारे आहेत, नाही कशाला म्हणू. पण नोव्हेंबर २०१८मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली तेव्हा ‘या लसीने मूल होत नाही’ ही अफवा उठली. साफ खोटी. उलट गरोदरपणात रुबेला झाला तर बाळ बहिरं होऊ शकतं, मोतीबिंदू किंवा हृदयाचा दोष घेऊन जन्मू शकतं. ते टाळायलाच ही लस. आणि ती अफवा फिरली व्हॉट्सअॅपवरून, आज हा ‘अडाणी’चा मजकूर फिरतोय तशीच.