तळाशी ७ म्हणजे १९०७ नव्हे, आणि उकळतं पाणी ही परीक्षा नव्हे

म्हापशाच्या मावशीकडचा काचेचा ससा गेल्या आठवड्यात फुटला. जेली, चायना ग्रास लावायचा जाड काचेचा साचा, तिच्या सासूबाईंच्या वेळचा. हातून निसटून फुटला असता तर एक वेळ समजलो असतो. 'जुन्या काचेचे साचे कोणत्या कंपनीचे ते घरबसल्या ओळखा' हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज वाचून तिने त्यात उकळतं पाणी ओतलं. "अस्सल असेल तर काही होत नाही असं लिहिलंय रे त्यात," ती फोनवर रडवेली होऊन सांगत होती. तोच मेसेज मला फोंड्याच्या चुलतभावानेही पाठवलाय. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

उकळत्या पाण्याचा आधी. बाकीच्या चुकांनी फक्त समज चुकतो, याने वस्तू जाते आणि हात भाजतो. मेसेज म्हणतो, 'अस्सल विलायती काच उकळतं पाणी सोसते, नकली तडकते.' साफ उलट. जुने साचे बहुतेक साध्या सोडा-चुन्याच्या काचेचे. वितळलेल्या काचेचा गोळा लोखंडी साच्यात टाकायचा आणि वरून दट्ट्या दाबायचा, अशी त्यांची घडण. कानापाशी एक जाडी, पाठीपाशी दुसरी. उकळतं पाणी पडलं की आतला थर लगेच प्रसरण पावतो, बाहेरचा थंडच राहतो, कारण काचेतून उष्णता सावकाश जाते. बाहेरच्या थरावर ताण येतो आणि तडा जातो. मावशीने ऐकला तो 'टक्' असा एकच आवाज, आणि कानापासून बुडापर्यंत रेघ गेली.

उष्णता सोसणारी काच वेगळी. अमेरिकेतल्या कॉर्निंगने ती १९१५ मध्ये पायरेक्स नावाने स्वयंपाकघरात आणली. इंग्लंडमध्ये तिचा परवाना १९२१ साली सन्डरलंडच्या जॉबलिंगने घेतला. आणि जॉबलिंगचा कारखाना म्हणजेच पूर्वीचा ग्रीनरचा कारखाना, ज्याचा सिंहाचा शिक्का हाच मेसेज अस्सलपणाची खूण म्हणून दाखवतो. सिंहाचा शिक्का मारणाऱ्यांनाच पुढे उष्णता सोसणारी भांडी करायला परवाना घ्यावा लागला, यावरूनच काय ते समजा.

'सिंह म्हणजे राजघराण्याचा माल, मोर म्हणजे भारतीय माल.' दोन्ही खोटं. तारा धरलेला सिंह ग्रीनरचा, पुढे त्याच्या हाती कुऱ्हाड आली. बुरुजातून वर आलेला सिंह इंग्लंडमधल्याच गेट्सहेडच्या डेव्हिडसन या काचकारखान्याचा. मोराचं डोकं तर सोअरबीचं, तेही गेट्सहेडचेच, १८७६ साली नोंदवलेलं. मोर दिसला की आपला, हे वाचून मला खरंच चीड आली. आपल्याला काचेचा इतिहास नाही का? तळेगावला १९०८ साली लोकांच्या पैशा-पैशातून पैसा फंडाचा काचकारखाना उभा राहिला, १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगलेंचा. सोअरबीचा मोर उसना घ्यायची गरज नाही.

तळाच्या आकड्याबद्दल: ७ असेल तर १९०७, असं मेसेज सांगतो. एका नमुन्याचे कारखान्यात अनेक लोखंडी साचे असत, सुटा छोटा आकडा बहुधा त्यातला कुठला ते दाखवतो. आणि इंग्रजी आर-डी अक्षरांपुढचा आकडा म्हणजे नमुन्याची नोंदणी. ही मालिका जानेवारी १८८४ मध्ये १ पासून सुरू झाली आणि १८८५ उजाडेपर्यंत १९,७५४ वर पोचली. म्हणजे तिथे १९१२ हा आकडा दिसला तर तो नमुना १८८४ च्या सुरुवातीचा, १९१२ सालचा नव्हे.

चौकटीच्या खुणेवरून साल कळतं, या मेसेजातल्या मुद्द्यात मात्र अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. १८४२ ते १८८३ पर्यंत इंग्लंडमध्ये नोंदवलेल्या नमुन्यांवर ही तिरकी चौकट येई, माथ्यावर ३ हा रोमन आकडा असला तर काच. कोपऱ्यांतल्या खुणांवरून दिवस, महिना, वर्ष निघतं, आणि लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या नोंदवह्यांतून नमुना कोणी नोंदवला तेही. पण ती तारीख नोंदणीची. लोखंडी साचा पुढे वर्षानुवर्षं वापरात असे.

'गोव्याच्या जुन्या घरातली काच म्हणजे पोर्तुगीज.' पोर्तुगालमधल्या मारिन्हा ग्रांदेची काच होती, नाही कुठे म्हणतो? पण मुंबईला, आफ्रिकेला गेलेली माणसं, बोटीवरचे तारवटी यांनी काय काय आणलं नाही? घरावरून कारखाना ठरत नाही. शिवण, म्हणजे साच्याच्या जोडाची रेघ, दिसली तर नकली, हेही टाकाऊ: दाबलेल्या काचेला शिवण असतेच. अतिनील (अल्ट्राव्हायोलेट) दिव्याखाली काच हिरवी चमकली तर तिच्यात युरेनियम असू शकतं, करणारा कोण ते त्यातून कळत नाही.

मावशीच्या शेजारणीकडेही असा एक साचा आहे, आणि मेसेज तिच्याकडेही पोचलाय. त्यांना कालच सांगितलं: टॉर्च आडवा धरून आतला-बाहेरचा भाग बघा, खूण पुसट असेल तर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा. चायना ग्रास लावायचं तर बोट सोसेल इतकं निवू द्या; ते चाळीस अंशांच्या आसपास घट्ट होतं, तेवढा वेळ मिळतो. साचा आधी कोमट पाण्याने विसळा. तुकडे मावशीने अजून टाकलेले नाहीत, वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवलेत.