शिक्रा आला म्हणून चिमण्या गेल्या?

‘सावधान! तुमच्या बागेतल्या चिमण्या, बुलबुल कुठे गेले? जंगलं तुटली, उपाशी शिकारी पक्षी वस्तीत शिरले. शिक्रा दिवसाला डझनभर पाखरं निव्वळ मजेसाठी मारतो. मांजराची पिल्लं, छोटी कुत्री, वेळ आली तर तान्ही मुलंसुद्धा उचलतो. दाणे ठेवणं बंद करा, प्लास्टिकचं घुबड बसवा, घरटं दिसलं तर पाडा. पक्षी वाचवा, पुढे पाठवा.’ खाली अंगणभर विखुरलेल्या पिसांचा फोटो.

हा मजकूर मला चार जणांनी पाठवला. चौघंही पाखरांसाठी न चुकता पाणी भरून ठेवणारी माणसं. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही. पण या फॉरवर्डमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि शेवटच्या सूचना पाळल्या तर नुकसान होईल ते पक्ष्यांचंच.

आधी फोटोचं बोलू, कारण लोक घाबरतात ते त्याला बघून. फोटो मोठा करून पिसांचे दांडे बघा. पंखातली लांब पिसं मध्येच तुटली आहेत, टोकं चावल्यासारखी चिंध्या झालेली, आणि काही पिसं एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके झालेत. शिक्र्याचं काम असं नसतं. तो भक्ष्य पंजात दाबून धरतो आणि चोचीने एकेक पीस मुळापासून उपटतो. पीस अख्खं निघतं, खालचा पोकळ देठ शाबूत राहतो, फार तर दांड्यावर चोचीने पडलेली खूण किंवा मोड दिसते. उपटलेली पिसं एका ठिकाणी, साधारण गोलाकार पसरतात. दातवाला प्राणी मात्र पिसं कुरतडतो आणि लाळेने ती चिकटतात. म्हणजे शिक्र्यावरच्या आरोपपत्राला पुरावा जोडलाय तो बहुधा मांजराचा.

मांजराचा विषय निघालाच आहे तर एक आकडा सांगतो. अमेरिकेत मोकाट आणि बाहेर फिरणारी मांजरं मिळून वर्षाला 130 ते 400 कोटी पक्षी मारतात, असा अंदाज 2013 साली प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी इमारतींच्या काचांवर आपटून मरणाऱ्यांचा अंदाज आला, वर्षाला 36 ते 99 कोटी. मांजर आपलं, काच आपली. शिक्रा तेवढा परका, म्हणून बोट त्याच्याकडे.

तेही तो खरंच शिक्रा असेल तर. करड्या पाठीचा, छातीवर आडवे पट्टे, शेपटीवरही पट्टे, आणि उडतानाची लकबही तशीच, असा आणखी एक पक्षी झाडांत दिसतो. तो पावशा. ‘पेरते व्हा’ ओरडणारा, सुरवंट खाणारा कोकिळेचा भाऊबंद. सोंग इतकं बेमालूम की छोटे पक्षीही फसतात आणि कलकलाट करत त्याच्या मागे लागतात. माणसं फसली तर नवल नाही, पण कॅमेऱ्यात सापडलेला प्रत्येक पट्टेवाला पक्षी मारेकरी ठरवण्याआधी चोच तरी बघावी. आकडीसारखी वळलेली चोच आणि अणकुचीदार नख्या शिक्र्याच्या. पावशाचे पाय बिचारे साधे.

आता मुख्य दावा: शिकारी पक्षी वाढले म्हणून छोटे पक्षी कमी झाले. ऐकायला हे अगदी सरळ गणित वाटतं. एक खाणारा आला, खाल्ले जाणारे घटले. पण हे गणित एकदा प्रत्यक्षात तपासून झालंय, तेही कुणी मुद्दाम प्रयोग न मांडता.

1950 च्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये स्पॅरोहॉक झपाट्याने नाहीसा झाला. स्पॅरोहॉक म्हणजे शिक्र्याचाच जवळचा नातलग, तसाच झाडांआडून झडप घालणारा. त्याला शेतीतल्या कीटकनाशकांनी मारलं. डिल्ड्रिनसारखी विषं बियाण्यांवरून दाणे टिपणाऱ्या पक्ष्यांत आणि त्यांच्यातून स्पॅरोहॉकमध्ये गेली. डीडीटीने त्याच्या अंड्यांची कवचं पातळ झाली. अंडी उबवताना फुटू लागली. निसर्गशास्त्रज्ञ डेरेक रॅटक्लिफ यांनी ही कवचांची गोष्ट 1967 साली उघडकीस आणली. दक्षिण आणि पूर्व इंग्लंडच्या मोठ्या भागात बरीच वर्षं हा पक्षी जवळजवळ नव्हताच. पुढे विषांवर बंधनं आली आणि तो परतला.

म्हणजे एकाच जागेवर शिकारी असण्याचा काळ, नसण्याचा काळ आणि पुन्हा असण्याचा काळ. फॉरवर्डचं गणित खरं असतं तर मधल्या काळात छोट्या पक्ष्यांची चंगळ होऊन त्यांची संख्या फुगायला हवी होती, आणि स्पॅरोहॉक परतल्यावर कोसळायला हवी होती. सरे परगण्यातल्या बुकहॅम कॉमन इथल्या ओकच्या रानात 1949 पासून तीस वर्षं पक्ष्यांची मोजणी होत होती. पक्षीतज्ज्ञ इयन न्यूटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या नोंदींतल्या 13 जाती तपासल्या. विणीला बसणाऱ्या जोड्यांवर स्पॅरोहॉकच्या येण्या-जाण्याचा असा ठसा दिसला नाही. ऑक्सफर्डजवळच्या वाइटॅम रानात तर स्पॅरोहॉक परतल्यावर टिट नावाच्या छोट्या पक्ष्यांची पिल्लं मोठ्या प्रमाणावर खात होते. तरी पुढच्या वर्षी घरटी तेवढीच.

असं कसं? टिटचं जोडपं एका विणीत सहज आठ-नऊ अंडी घालतं. संख्या स्थिर राहायला त्या जोडप्याच्या जागी अखेर दोनच पक्षी उरले तरी पुरे. बाकीचे मरणारच असतात: भुकेने, थंडीने, रोगाने, घरट्याला जागा न मिळाल्याने. शिक्रा त्यातला आपला वाटा आधी उचलतो, एवढंच. जो दुबळा महिनाभराने उपासमारीने गळाला असता, तो आज पंजात सापडतो. किती पक्षी विणीला बसतील हे अन्न आणि घरट्याच्या जागा ठरवतात. उलट किती शिक्रे तग धरतील हे छोटे पक्षी ठरवतात. सूत्रं आपण समजतो त्याच्या उलट, छोट्या पक्ष्यांच्या हाती आहेत.

वाइटॅममधला आणखी एक तपशील मला फार आवडतो. स्पॅरोहॉक नव्हता त्या काळात तिथले ग्रेट टिट वजनाने जड झाले होते. तो परतल्यावर पुन्हा हलके झाले. अंगावर चरबी असली तर उपाशी रात्र निभते, पण झडप चुकवायला जड शरीर नडतं. शिकारी परत आला तेव्हा बदल झाला तो पाखरांच्या वजनात.

एक गोष्ट मात्र लपवणं बरोबर नाही. 2010 साली एका अभ्यासाने ब्रिटनमधल्या घरचिमण्यांची घट आणि स्पॅरोहॉकचं परतणं यांचा संबंध दाखवला होता. त्याच वर्षी 29 जातींचा दुसरा अभ्यास आला आणि त्यात बहुसंख्य जातींबाबत असा परिणाम सापडला नाही. चिमणीवर वाद घालायला जागा आहे, हे मान्य. पण चिमणीच्या पिल्लांना सुरुवातीचे दिवस अळ्या आणि किडेच लागतात, आणि आपण बागेत फवारणी करतो. भिंतीतली भोकं आपण बुजवतो. तेवढं विसरून सगळा दोष शिक्र्याच्या माथी मारायचा, याला वाद म्हणत नाहीत.

‘दिवसाला डझनभर, मजेसाठी.’ स्पॅरोहॉकला दिवसाला दोन-तीन चिमण्यांएवढं खाणं पुरतं. शिक्र्याच्या ताटात तर सरडे, उंदीर, मोठे किडेही असतात. बरं, दहा झडपांमधली एखादीच साधते. नऊ वेळा हात हलवत परत जाणारा मजेसाठी शक्ती घालवत नाही.

हे दृश्य क्रूर असतं, हे मात्र खरं. ससाणा भक्ष्याच्या मानेत चोच घालून त्याला पटकन संपवतो. शिक्रा आणि त्याचे भाऊबंद पंजांनी आवळत राहतात, आणि कधी कधी पक्षी जिवंत असतानाच पिसं उपटायला सुरुवात होते. खिडकीतून ते एकदा पाहिलं की विसरता येत नाही. मीही पाहिलंय. आधी सगळी बाग गप्प झाली, शिक्रा पाखरावरून न हलता पिवळ्या डोळ्याने माझ्याकडे बघत राहिला, आणि मग पांढरी पिसं एकेक करून वाऱ्यावर. त्या दिवशी मलाही दगड उचलावासा वाटला होता.

‘जंगलं तुटली म्हणून उपाशी आले.’ जंगलं तुटतायत, खरं आहे. पण उपाशी पक्षी उपाशी जागी कशाला येईल? शिकागो परिसरात लोकांनी आपापल्या दाण्यांच्या फीडरवर वीस वर्षं केलेल्या नोंदी 2018 साली तपासल्या गेल्या. 1990 च्या दशकाच्या अखेरीस शिक्र्याच्या कुळातले पक्षी साधारण 26 टक्के ठिकाणी दिसत होते, वीस वर्षांनी सुमारे 67 टक्के ठिकाणी. तिथे टिकायला त्यांना गर्द झाडीपेक्षा छोट्या पक्ष्यांची रेलचेल महत्त्वाची ठरली. तुमच्या बागेत शिक्रा येतो म्हणजे तुमच्या बागेत पाखरं आहेत. फॉरवर्ड नेमकं उलटं वाचतंय.

मुलं उचलण्याबद्दल एका वाक्यात: शिक्र्याचं वजन पाव किलोही भरत नाही. स्पॅरोहॉकची मादी साधारण 300 ग्रॅमची. ती अर्ध्या किलोचं कबूतर मारते, पण उचलता येत नाही म्हणून जमिनीवरच बसून खाते. घरट्याजवळ गेलात तर काही शिकारी पक्षी डोक्यावरून झेपावतात. ते हुसकावणं असतं, मुलाला न्यायला आलेले नसतात.

राहिले उपाय. घरटं पाडणं अनेक देशांत गुन्हा आहे, तेव्हा तो विषय तिथेच संपला. दाणे कायमचे बंद करायचीही गरज नाही. शिक्रा रोजच येत असेल तर पंधरा दिवस दाणे थांबवा, तो दुसरीकडे वळतो. फीडर दाट झुडपापासून दोन-तीन मीटरवर ठेवा. पळून लपायला जागा हवी, पण मांजराला दबा धरता येईल इतकी जवळ नको. खिडकीपासून एकतर अगदी हाताच्या अंतरावर, नाहीतर चांगला लांब, म्हणजे घाबरलेली पाखरं वेगात काचेवर आदळणार नाहीत.

आणि फीडर घासून धुवा. 2005 नंतर ब्रिटनमध्ये ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीने ग्रीनफिंच नावाचे लाखो छोटे पक्षी मेले. एकाच ठिकाणी गर्दीने दाणे-पाणी घेताना तो पसरतो. उंदरांना विष घालत असाल तर तेही थांबवा. विष खाल्लेला सुस्त उंदीर शिक्र्याला आणि घुबडाला सगळ्यात सोपा सापडतो, आणि विष त्यांच्या पोटात जातं.

उरलं प्लास्टिकचं घुबड. मीही एक आणून बसवलं होतं, उगाच पैसे घालवून. दोन दिवस सगळे दबकून होते. चौथ्या दिवशी एक बुलबुल त्याच्या डोक्यावर बसून पंख साफ करत होता. आठवड्याने त्याच डोक्यावर शिक्रा बसला, फीडरकडे तोंड करून.