पुण्यतिथीच्या ‘हार्दिक शुभेच्छा’ बंद करा!

कापसाचा वेचा सुरू झाला, तुरीला शेंगा लागल्या की गावात अजून एक पीक येतं, फ्लेक्सचं. २८ नोव्हेंबर, ६ डिसेंबर, २० डिसेंबर, २७ डिसेंबर, ३ जानेवारी, १२ जानेवारी, २६ जानेवारी, १९ फेब्रुवारी, २३ फेब्रुवारी. चौकातला एक खांब रिकामा राहत नाही. लावा ना, खुशाल लावा. पण काय लावताय ते एकदा वाचा तरी!

२० डिसेंबरला गाडगेबाबांच्या फोटोखाली ‘हार्दिक शुभेच्छा’. अरे बापा, २० डिसेंबर १९५६ ला बाबा गेले! वलगावजवळ, पेढी नदीच्या काठी. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, शेंडगावचा. जन्म अमरावती जिल्ह्यात, शेवटही अमरावती जिल्ह्यात, आणि त्याच जिल्ह्याच्या चौकात त्यांच्या जाण्याच्या शुभेच्छा द्यायच्या? पुण्यतिथीला ‘विनम्र अभिवादन’ लिहितात. ६ डिसेंबरच्या महापरिनिर्वाण दिनालाही तेच. दोन शब्द आहेत, काऊन पाठ होत नाहीत?

चूक कुठं होते तेही ठरलेलं आहे. तालुक्याच्या फ्लेक्सवाल्याकडे मागच्या कार्यक्रमाची फाईल असते. आदल्या दिवशी रात्री त्याला फोन जातो, ‘तोच बॅनर काढ, फक्त तारीख बदल.’ तो तारीख बदलतो. ‘जयंती’ तशीच राहते, ‘कितवी’चा आकडाही तसाच राहतो. नवा मजकूर मोबाइलवरून युनिकोडमध्ये येतो, दुकानातलं काम जुन्या फॉन्टवर चालतं. पेस्ट केलं की वेलांट्या भलतीकडं जातात, जोडाक्षरं फुटतात. मग तो घाईत हातानं टाइप करतो अन् ‘पुण्यतिथी’ची ‘पुण्यतीथी’ होते. प्रूफ ग्रुपवर येतं, पण जो तो पाहतो आपला पासपोर्ट फोटो कोणत्या ओळीत आहे ते. दहा बाय सहाच्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांच्या तीन रांगा, अन् ज्यांच्यासाठी हा खटाटोप ते बाबा वर कोपऱ्यात, अंगठ्याएवढे. दोन दिवसांनी तोच फ्लेक्स कुटारावर, म्हणजे गुरांच्या भुशावर, झाकायला जातो, म्हणजे चूक उन्हाळाभर शेतातही दिसत राहते.

मग येतो ‘कितवा’चा गोंधळ. दरवर्षी दोन शिकलेली माणसं ध्वजाच्या खांबाखाली यावर भांडतात. हिशोब सोपा आहे. १५ ऑगस्ट १९४७ हाच पहिला स्वातंत्र्य दिन, म्हणून चालू वर्षातून १९४७ वजा करा अन् एक मिळवा. २०२५ चा स्वातंत्र्य दिन ७९ वा, पण पूर्ण झालेली वर्षं ७८. प्रजासत्ताक दिनाला १९४७ च्या जागी १९५० धरा: २६ जानेवारी २०२६ ला ७७ वा, पूर्ण वर्षं ७६. जयंतीला मात्र तो एक मिळवायचा नाही, कारण माणूस जन्मला त्या दिवशी त्याची जयंती नसते. सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१, म्हणून २०२६ ला १९५ वी जयंती. झालं. यात भांडण कशाचं?

तिथी आणि तारीख यांची खिचडी तर अंगावर येते. गजानन महाराज शेगावात प्रकटले ती तारीख २३ फेब्रुवारी १८७८, पण प्रकट दिन माघ वद्य सप्तमीला असतो. तरी दर २३ फेब्रुवारीला ‘प्रकट दिनाच्या शुभेच्छा’ फिरतातच. तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले. मोझरीच्या त्यांच्या गुरुकुंज आश्रमातला पुण्यतिथी महोत्सव मात्र तिथीनं, आश्विन वद्य पंचमीला. तिथी दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकते आणि अधिक मास आला की पुढं उडी घेते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून ती पंचमी ऑक्टोबरच्या शेवटी येते. ११ तारखेला गुरुकुंजात ४ वाजून ५८ मिनिटांनी होणारी मौन श्रद्धांजली शोधत जाल तर हात हलवत परत याल. कॅलेंडर घरोघरी खिळ्याला टांगलं आहे, बघायला पैसे पडत नाहीत.

अन् ते फॉरवर्ड! ‘१४ फेब्रुवारीला भगतसिंगांना फाशी झाली, आज प्रेमदिन साजरा करू नका.’ फाशी २३ मार्च १९३१ ला झाली, लाहोरला. शिक्षा सुनावली ७ ऑक्टोबर १९३० ला. १४ फेब्रुवारीला ना फाशी, ना निकाल. हुतात्म्याचा मृत्यूदिवस बदलून टाकणं ही कसली देशभक्ती? दुसरं, ‘या महिन्यात पाच शुक्रवार, पाच शनिवार, पाच रविवार, हा योग ८२३ वर्षांनी, अकरा जणांना पाठवा, पैसा येईल.’ ३१ म्हणजे २८ अधिक ३. म्हणून ३१ दिवसांच्या कोणत्याही महिन्यात पहिले तीन वार पाचदा येणारच. महिना शुक्रवारी सुरू झाला की हा ‘योग’ तयार. ऑगस्ट २०२५ मध्ये होता, मे २०२६ मध्ये आहे, जानेवारी २०२७ मध्ये पुन्हा. आणि आपलं इंग्रजी कॅलेंडर दर ४०० वर्षांनी वारासकट जसंच्या तसं फिरून येतं, मग ८२३ आलं कुठून?

सगळ्यात राग येतो तो १६ ऑगस्टचा. १९४२ साली त्या दिवशी नागपंचमी होती. ‘चले जाव’च्या लढ्यात विदर्भातलं चिमूर पेटलं, आष्टी पेटलं, आपल्याच माणसांनी गोळ्या झेलल्या. आणि आज १६ ऑगस्टला शाळेच्या फळ्यावर दिनविशेषाच्या जागी कालचंच ‘स्वातंत्र्य दिन चिरायू होवो’ असतं, पुसलेलंही नसतं. गुरुजी, ते पुसा. १६ ऑगस्ट १९४२, चिमूर आणि आष्टी, एवढं तरी लिहा. आणि फ्लेक्सवाले भाऊ, तुम्हीही जन्म की मृत्यू, तिथी की तारीख, कितवं वर्ष, हे कागदावर लिहून आणल्याशिवाय मशीन सुरू करू नका.