शुक्रवारी हरायचं, शनिवारी परत जायचं

क्रिकेटमध्ये आपला संघ हरला की टीव्ही बंद करायचा, निवड समितीला चार शब्द सुनवायचे आणि जेवायला बसायचं. अमेरिकेतल्या कॉलेज हॉकीत ही सोय नाही. इथे सामने बहुधा जोडीनं लागतात. शुक्रवारी रात्री एक, आणि शनिवारी रात्री त्याच संघाशी दुसरा. म्हणजे ज्यांनी काल आपल्याला धुतलं, त्यांच्याकडून आज पुन्हा धुऊन घ्यायला आपणच तिकीट काढून, कानटोपी चढवून जायचं. ज्यानं ही पद्धत काढली त्याचा संघ नक्की जिंकणारा असणार.

मी ज्या कॉलेजगावात राहतो त्याचं नाव सांगत नाही. आमच्या संघाची व्हायची तेवढी बदनामी स्कोअरबोर्ड करतोच आहे. गाव पार उत्तरेला. नोव्हेंबर लागला की इथे करण्यासारख्या दोनच गोष्टी उरतात : बर्फ उपसणं आणि बर्फावरची हॉकी बघणं. नोकरीसाठी आलो आणि पहिल्याच हिवाळ्यात दुसरीचा नाद लागला. कोल्हापूरच्या माणसाला तो लागायचाच. शाहू स्टेडियमवर पेठेच्या फुटबॉल संघासाठी घसा फोडत वाढलेला माणूस संघाशिवाय फार दिवस काढू शकत नाही. आणि या गावात संघ एकच.

मामांना फोनवर सांगितलं तेव्हा ते खूश झाले. "हॉकी? ध्यानचंदांची?"

"नाही मामा, बर्फावरची. पायात पाती लावलेले बूट, आणि चेंडूऐवजी रबराची चकती. पक म्हणतात तिला. सामन्याआधी ती गोठवतात."

"गोठवायची कशापायी?"

"उसळू नये म्हणून."

"बरं. मारामारी हुते का न्हाई?"

"व्यावसायिक हॉकीत होते. कॉलेजात हात उचलला की सामन्यातून बाहेर, वर बंदी."

मामांचा रस तिथेच निम्मा आटला.

माझं खरं दुखणं हरणं नाही. माझं दुखणं पॉवर प्ले. समोरच्या एखाद्या गड्यानं काठीनं पाय अडकवला की तो दोन मिनिटं काचेमागच्या खोक्यात जाऊन बसतो आणि आमचे पाच विरुद्ध त्यांचे चार असा हिशेब होतो. पाच पॉवर प्लेंमधून एक गोल निघाला तरी लोक बरं म्हणतात, इतकी माफक अपेक्षा. बँड वाजायला लागतो, विद्यार्थी उभे राहतात, आणि आमचे पाचजण समोरच्या गोलपुढे अर्धगोलात पसरून जेवणावळीतल्या आग्रहाला सुरुवात करतात. हा म्हणतो घ्या, तो म्हणतो छे छे, आधी तुम्ही. पक डावीकडून उजवीकडे, उजवीकडून मागे, मागून पुन्हा डावीकडे. वरच्या रांगेतून फार देखणं दिसतं. घड्याळ पळत असतं. मी "अरे मार की लेका!" म्हणून ओरडतो, कारण 'शूट' या शब्दात तेवढी तळमळ मावत नाही. शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा, ज्यांनी आयुष्यात भारताचा नकाशाही नीट पाहिला नसेल, ते हल्ली "मार की!" एवढं स्वच्छ मराठीत ओरडतात.

शेवटी कुणीतरी मारतो. तो फटका बचाव करणाऱ्याच्या नडगीवर बसतो, पक सुटतो, त्यांचा एक गडी तो घेऊन मोकळ्या बर्फावरून निघतो, आणि चौघांचा संघ पाचांच्या संघावर गोल करतो. याला शॉर्टहँडेड गोल म्हणतात. हा प्रकार तसा दुर्मीळ, पण आमच्या कृपेनं गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आता तर समोरच्यांना शिक्षा झाली की मला धडकी भरते. रेफ्रीनं एवढं मनावर घ्यायला नको होतं, पोरगं आहे, चुकून लागला असेल पाय, असं त्याला जाऊन सांगावंसं वाटतं.

तिकडे स्कोअरबोर्डाच्या कोपऱ्यात शॉट्सचा आकडा असतो. तो हमखास आमचा जास्त. हरलेल्या रात्री गाडीत सगळे हाच आकडा एकमेकांना सांगतात. दोन पिरियडच्या, म्हणजे सामन्याच्या दोन भागांच्या, मध्ये झांबोनी फिरते. 1949 मध्ये कॅलिफोर्नियात फ्रँक झांबोनी या गृहस्थानं बनवलेली ही गाडी बर्फ तासते, धुते आणि वर गरम पाण्याचा पातळ थर देते. चालक दर खेपेला मैदानाच्या दोन्ही टोकांना जाऊन येतो. आमच्या फॉरवर्ड लोकांना एकाच टोकाला जायचं असतं.

इथल्या विद्यार्थ्यांची रीत अशी, की आपला गोल झाला की समोरच्या गोलकीपरकडे बोटं दाखवून 'चाळण, चाळण' म्हणून त्याला हिणवायचं. त्यासाठी आधी गोल व्हावा लागतो. आमच्या पोरांचा सराव कमी पडतो.

एका गोलनं मागे असताना शेवटची दोनेक मिनिटं उरली की प्रशिक्षक स्वतःचा गोलकीपर बाहेर बोलावतात आणि त्याच्या जागी सहावा गडी हल्ल्याला धाडतात.

"म्हंजे गोलात कोनच न्हाई?" मामा.

"नाही."

"आन् ह्यो कोच पगार घेतो?"

गणित चुकीचं नाही. एकानं हरलो काय, दोनानं हरलो काय, हार ती हारच, आणि सहाव्या गड्यामुळं कधीमधी बरोबरी होतेही. इतर संघांची होते. आमच्यात मात्र कुणीतरी पक हरवतो, समोरचा तो लांबूनच ढकलून देतो, आणि 200 फुटी बर्फावरून पक निवांत घरंगळत येतो. आम्ही सगळे उभे राहून तो येताना बघतो. वेळ भरपूर मिळतो. किल्ल्या शोधून होतात, मफलर गुंडाळून होतो.

"दुःखीच व्हायचं असेल तर घरी हो ना," बायको म्हणते. "इथे हीटर तरी आहे."

तिला कसं सांगणार, की 2013 साली येल युनिव्हर्सिटी 16 संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत कशीबशी शिरली आणि विजेती होऊन बाहेर पडली? की वेस्टर्न मिशिगन तोवर एकदाही फ्रोझन फोर, म्हणजे शेवटच्या चारांत, पोहोचली नव्हती; 2025 मध्ये पहिल्यांदा पोहोचली आणि बोस्टन युनिव्हर्सिटीला 6-2 हरवून थेट करंडक घेऊन गेली? हे दाखले आम्हा मंडळींना स्तोत्रासारखे पाठ असतात. शुक्रवारच्या रात्री ते म्हटले की शनिवारी दुपारी कानटोपी आपोआप हातात येते. त्यात एखादा पोरगा खरंच चमकायला लागतो. मग तो एनएचएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक हॉकीच्या मोठ्या लीगमध्ये, जातो, नाहीतर उन्हाळ्यात ट्रान्स्फर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, मोठ्या कॉलेजात. चांगला निघाला की जातो, तसाच निघाला की चार वर्षं राहतो.

दुसरा एखादा संघ धरावा, असं एकदा मामांपाशी बोललो. पलीकडे बराच वेळ शांतता.

"पेठ बदलतंय व्हय कोन? पंच बदलायचा."

त्यानंतर त्यांनी सामन्याची लिंक मागून घेतली. हिवाळ्यात इथे शुक्रवारचे संध्याकाळचे सात म्हणजे तिकडे शनिवारची पहाटेची साडेपाच. मामा आता चहा टाकून टॅबलेटपुढे बसतात आणि पहिला पिरियड संपायच्या आत फोन करतात. खेळाडूंचे चेहरे हेल्मेटच्या जाळीमागे असल्यानं शिव्या नंबरानं घालाव्या लागतात, ही त्यांची मुख्य तक्रार. परवा चौदा नंबरनं रिकाम्या गोलसमोर पक काठीवरून सोडला तेव्हा फोन जरा लवकरच आला.

"त्या चौदाचं गाव कुठलं? बाप काय करतो?"

"मामा, मला काय माहीत?"

"काढून ठेव. आन् माझ्या मापाची जर्सी पाठीव. नंबर नको. मागं पेठेचं नाव घाल."