सायकलीला नंबर नाही

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 हा कायदा फारसे कोणी हौसेने वाचत नाही, मी वाचला. त्याच्या सुरुवातीच्या व्याख्यांमध्ये वाहन कशाला म्हणावे हे सांगितलेले आहे. गाडी, ट्रक, हातगाडी अशी नावे घेत ती व्याख्या सायकलीपर्यंत येते आणि तिथून थेट जहाज आणि विमान यांच्यावर जाऊन थांबते. म्हणजे वडिलांच्या वेळची माझी काळी ॲटलस आणि नाशिकजवळच्या ओझरच्या धावपट्टीवर उतरणारे विमान या कायद्याने एकाच पंगतीला बसवलेले आहेत. अडचण एवढीच आहे की वाढपी पोलीस खात्याचा आहे आणि तो माझ्या पानापाशी आला की वाटी न टेकवता पुढे सरकतो.

मोटार वाहन अधिनियम, 1988 मध्ये हा मोठेपणासुद्धा नाही. जे यंत्राच्या बळावर चालते तेच त्याच्या लेखी वाहन. त्यामुळे नोंदणी, परवाना, विमा, पीयूसी या सगळ्यांतून सायकलवाला सुटला, असे माझे मित्र मोठ्या असूयेने सांगतात. सुटला हे खरेच आहे. पण यात्रेत आईबापांच्या हातून पोर सुटते, त्या अर्थाने. एकतीस डिसेंबरच्या रात्री गंगापूर रोडवर नाकाबंदी लागलेली असते. मोटारी थांबतात, दुचाक्या थांबतात, सभ्य गृहस्थ नळीत फुंकर मारून आपले चारित्र्य सिद्ध करतात. मीही नागरिकाचे कर्तव्य म्हणून एक पाय जमिनीला टेकवून रांगेत उभा राहतो आणि माझी पाळी आली की हवालदार माझ्या खांद्यावरून मागच्या मोटारीकडे पाहत म्हणतात, "काका, पुढे व्हा, लाइन अडवू नका." मी प्यायलेलो आहे की नाही, याबद्दल त्यांना तिळमात्र उत्सुकता नसते. कायद्याने त्यांचे बरोबरच आहे, कारण नळीत फुंकर मारायला लावणारे 185 वे कलम मोटार वाहन चालवणाऱ्यापुरतेच आहे. तरी पण निदान संशय घेण्याइतकी तरी माणसाची किंमत असावी, असे वाटून जाते.

आमच्या वडिलांच्या पिढीला ही किंमत होती. तेव्हा गावोगावच्या नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा बिल्ला देत. बिल्ला नसला की पोलीस अडवत, अंधार पडल्यावर दिवा नसला की अडवत, आणि डबलसीट दिसले की शिट्टी मारून पार पलीकडच्या फुटपाथवरून धावत येत. दंड भरायला खिशात पैसे नसले तर हवालदार चाकाचा व्हॉल्व्ह काढून घेत आणि हवा गेलेली सायकल हातात धरून डबलसीटवाले दोघेही घरापर्यंत चालत जात. वडील हे प्रसंग सांगताना त्यांच्या आवाजात एक प्रकारचा अभिमान असे. सायकलस्वार हा तेव्हा कायद्याच्या नजरेतला रीतसर गुन्हेगार होता.

आता गुन्हेगार व्हायचे तर नंबर लागतो. रविवार कारंजाजवळच्या एका एकेरी गल्लीच्या तोंडाशी मला एका तरुण वाहतूक पोलिसाने अडवले, तेव्हा मी सायकलीवरून उतरून, ती हातात धरून, कडेकडेने पायी चाललो होतो.

"काका, नो एन्ट्री आहे."

"मी पायी चाललोय."

"सायकल आहे ना पण हातात?"

"आहे. पण ती चालवत नाहीये, नेतोय."

हा मुद्दा त्याला थोडा अवघड गेला. त्याने सायकलीकडे पाहिले, माझ्या चपलांकडे पाहिले आणि शेवटी कमरेचे चलानाचे यंत्र काढले. मला मनापासून आनंद झाला. मी सायकल स्टँडवर लावली, शर्ट सारखा केला आणि फोटोसाठी बाजूला उभा राहिलो. त्याने यंत्राच्या पडद्यावर बोट ठेवले आणि ते तिथेच राहिले. यंत्राला सगळ्यात आधी वाहन क्रमांक हवा होता. तो दिल्याशिवाय ते पुढचे पान उघडत नव्हते. "एमएच पंधरा टाकून पाहा," असे मी सुचवले, कारण सायकल नाशिकचीच आहे. एमएच पंधरा टाकूनही पुढे काही सुचेना. एवढ्यात त्याच गल्लीतून, उलट्या दिशेने, तिघांना घेऊन एक स्कूटर आमच्या दोघांच्या मधून गेली. त्याने तिच्याकडे पाहिले, यंत्र कमरेला लावले आणि म्हणाला, "जा काका, पण परत इकडून येऊ नका." पायी यायचे की सायकलीवर, हे विचारायचे माझे राहूनच गेले.

सगळेच सायकलवाले असे निनावी असतात, हेही खरे नाही. पोलिसांकडे त्यांची एक वर्गवारी आहे आणि ती टायरच्या रुंदीवरून आणि विजारीच्या तंगपणावरून ठरते. रंगीत जर्सी, हेल्मेट, काळा चष्मा आणि मोटारसायकलच्या किमतीची सायकल असा माणूस जेहान सर्कलला थांबला की त्याला "सर" म्हणतात आणि आज कुठपर्यंत राइड, अशी चौकशी होते. माझ्यासारख्या पांढरपेशा ॲटलसवाल्याला "काका" मिळते. आणि हँडलला डब्याची पिशवी अडकवून सातपूरच्या कारखान्यात पहिली पाळी गाठणाऱ्या कामगाराला, ज्याच्या जगण्याला सायकल खरोखर लागते, त्याला "ए, बाजूला घे" एवढेच मिळते, आणि तेही हाताने नव्हे, काठीने दाखवून. या तिघांपैकी रस्त्याच्या डाव्या कडेने, कोणाला त्रास न देता, रोज त्याच वेळी जाणारा माणूस कोणता, हे चौकातल्या पानवाल्याला माहीत असते.

रविवारी पहाटे मात्र शहराचे पोलीस खाते सायकलीचे परमभक्त होते. यात मी तिरकस काही बोलत नाही. नाशिकच्या सायकल चळवळीत पोलिसांचा वाटा मोठा आहे. नाशिकहून पंढरपूरला जाणारी सायकलवारी हरीश बैजल या पोलीस अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने सुरू झाली. 2015 मध्ये इथल्याच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत सायकलीवरून पूर्ण केली आणि सगळे शहर फुगून गेले. अशा शहरात रॅली निघाली की वरिष्ठ अधिकारी झेंडा दाखवतात, पुढे जीप असते, चौकाचौकात दोर धरून शिपाई उभे असतात आणि मोटारवाले मुकाट्याने ताटकळतात. तो दोर धरणारा शिपाई सोमवारी त्याच चौकात मला ओळखत नाही. अमेरिका ओलांडणाऱ्यांबद्दल मला अपार आदर आहे, पण मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता जिथे एकमेकांवर येऊन आदळतात तो द्वारका चौक संध्याकाळी सहा वाजता ओलांडताना पुढे जीप नसते, हे नम्रपणे नोंदवावेसे वाटते.

सायकलीसाठी वेगळी वाट असावी म्हणून त्र्यंबक नाक्यापासून अशोक स्तंभापर्यंत 1.1 किलोमीटरचा स्मार्ट रोड झाला. तो होता होता इतका काळ लोटला की त्याच्या खड्ड्यांवर विनोद करून करून लोकांचे विनोद संपले. झाल्यावर त्यावर सायकलीची वाट निघाली आणि मोटारी लावायला जागा झाली. तिथे एकदा माझ्या पुढ्यात नेमकी पोलिसांचीच मोटारसायकल उभी होती आणि तिच्यावर कोपर टेकून तिचे स्वामी चहा पीत होते. मी घंटी वाजवली. त्यांनी कप खाली ठेवला, घंटी कुठून वाजली हे पाहिले आणि अत्यंत आपुलकीने म्हणाले, "एवढा मोठा रस्ता मोकळा आहे, तिकडून जा ना." एवढ्या मोठ्या रस्त्यावर त्या क्षणी एक सिटीबस, दोन रिक्षा आणि पाण्याचा टँकर होता.

माझ्या अस्तित्वाला शहरात खरा मान मिळाला तो 2021 च्या पंधरा ऑगस्टपासून, जेव्हा तत्कालीन पोलीस आयुक्त दीपक पाण्डेय यांनी हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही, असा नियम लावला. सायकलीला पेट्रोल लागत नाही आणि हेल्मेटची सक्ती करणारे 129 वे कलम मोटारसायकलीपुरते आहे, म्हणून या भानगडीशी माझा संबंध नव्हता. पण मुलीच्या धाकाने मी तेव्हा डोक्यावर हलके, भोकाभोकांचे हेल्मेट घालत असे, आणि पंपासमोरून जाताना अनोळखी माणसे मला हात करून थांबवू लागली. "काका, दोन मिनिटं द्या ना," म्हणत ते हेल्मेट घेऊन जात, टाकी भरत आणि परत आणून देत. पंपावरचे पोलीस डोक्यावर काय आहे एवढेच पाहत. ते घालून कशावर बसायचे आहे, हे पाहत नसत. लायनीतल्या चौघांच्या डोक्यावर ओळीने फिरून आलेले हेल्मेट मुलीने मला पुन्हा घालू दिले नाही.

मग सायकल चोरीला गेली. शालिमारच्या गर्दीत, एका दुकानाच्या पायरीशी कुलूप लावून ठेवली होती. कुलूप शिल्लक होते. ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदार वयस्क आणि सालस होते. त्यांनी खुर्ची दिली, वही उघडली आणि विचारले, "गाडी नंबर?"

"नंबर नाही. सायकल आहे."

"चेसिस नंबर?"

"पायडलच्या खाली कोरलेला असतो. पण तो सायकलीवरच आहे."

"बिल?"

"वडिलांनी घेतली होती."

"मग वडिलांना घेऊन या."

"ते वारले."

"अरेरे," ते म्हणाले, आणि खरोखरच त्यांना वाईट वाटले. मग पेन्सिल कानामागे सारून म्हणाले, "म्हणजे वारस दाखला लागेल."

तो मुद्दा चहावर मिटला. किमतीवर घोडे अडले. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली, तेव्हापासून पाच हजारांखालची चोरी अदखलपात्र धरतात, म्हणजे न्यायाधीशाच्या हुकमाशिवाय पोलिसांनी तिचा तपास करायचा नसतो. हे मला ठाऊक असल्यामुळे मी सहा हजार सांगितले. अंमलदार हसले नाहीत, पण शेजारचा शिपाई हसला. "ॲटलस ना? ती कंपनी बंद पडली," तो म्हणाला. पडली खरी; साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 रोजी बंद झाला, आणि त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता. जी वस्तू यापुढे होणार नाही तिची किंमत वाढायला हवी, असा मी युक्तिवाद केला. अंमलदारांनी तो पूर्ण ऐकून घेतला आणि वहीत पंधराशे लिहिले. मला एक प्रत मिळाली. तिच्यावर शिक्का फार सुबक उमटला होता.

पुढे भाडेकरूच्या नोंदणीसाठी त्याच ठाण्यात जाण्याचा योग आला. मागच्या आवारात जप्त गाड्यांचा ढीग असतो. वेलींनी धरलेल्या रिक्षा, काचा नसलेल्या मोटारी. त्या ढिगाला टेकून माझी ॲटलस उभी होती. चेनकव्हरवर आईने हिरव्या ऑइलपेंटने काढलेला ओम होता, आणि कॅरिअरला जुन्या ट्यूबची पट्टी मीच गुंडाळलेली होती; गाठसुद्धा माझीच. मी धावत आत गेलो.

शिपायाने दुसऱ्या कपाटातून दुसरी वही काढली. सायकल गस्तीवरच्या पोलिसांना बसस्थानकामागे सापडली होती आणि बेवारस म्हणून जमा होती. "पण मी वारस आहे," मी म्हणालो, "तक्रार पलीकडच्या कपाटात आहे." त्याने शांतपणे समजावले की ती वही तक्रारींची आहे, ही वही बेवारस मालाची आहे, आणि ज्या मालाला मालक आहे तो बेवारस वहीत येईलच कसा? आता कोर्टाची जाहीर सूचना निघेल, सहा महिन्यांच्या आत हक्क सांगायचा, नाहीतर लिलाव. माझा चेहरा पाहून त्याला दया आली असावी. आवाज उतरवून तो म्हणाला, "लिलावात तुम्हीच घ्या ना. पंधराशेच्या वर जाणार नाही, किंमत आपणच लावली आहे."

तेवढ्यात एक तरुण फौजदार बाई आत आल्या. राज्यातले फौजदार आमच्याच त्र्यंबक रोडवरच्या प्रबोधिनीत तयार होतात, त्यामुळे त्यांच्याकडून माझ्या काही वेगळ्या अपेक्षा नव्हत्या. त्यांनी दोन्ही कपाटांतल्या दोन्ही वह्या टेबलावर शेजारी शेजारी उघडल्या, बाहेर जाऊन सायकल आडवी केली, पायडलखालचा मळ किल्लीने खरवडून नंबर वाचला आणि घरी जुने काहीतरी कागद असतील तर शोधा, असे मला सांगितले. वडिलांच्या ट्रंकेत, सायकलीच्या दुकानाची पिवळी पडलेली पावती निघाली आणि त्यावर तोच नंबर निघाला. या खात्यात कोणी वह्या शेजारी ठेवत नाही असे मी म्हणत आलो होतो, ते त्या दिवसापुरते मागे घेतो.

पुढचे काम फौजदार बाईंनी शिपायावर सोपवले. अर्ज लिहिला, हमीपत्र लिहिले, दोन साक्षीदार म्हणून बाहेरचा चहावाला आणि त्याचा भाचा आले. ताबा दिल्याच्या नोंदवहीत वाहन क्रमांकाचा रकाना होता. शिपाई त्याच्यापाशी बराच वेळ थांबला, मग मला माझा मोबाइल नंबर विचारला आणि तो तिथे लिहिला. मी सही केली. दोन्ही टायर बसले होते, म्हणून सायकल हातात धरून निघालो. फाटकावरच्या हवालदाराने काठी आडवी घातली आणि मला आपादमस्तक न्याहाळले.

"काका," तो म्हणाला, "हेल्मेट कुठंय?"