आधी यादी बघा, मग झटका येऊ द्या

तुम्ही महाराष्ट्र शासनाच्या सेवेत असाल आणि यंदा आजारी पडायचं मनात असेल, तर घाई करू नका. आधी 19 मार्च 2005 चा शासन निर्णय काढा. त्यात 27 आकस्मिक आणि 5 गंभीर आजारांची यादी आहे. खासगी दवाखान्यात जाऊन बिलाची प्रतिपूर्ती, म्हणजे भरलेले पैसे सरकारकडून परत, हवी असेल, तर दुखणं शक्यतो यादीतलं निवडावं. निवडीला वाव भरपूर आहे. धनुर्वात आहे, घटसर्प आहे, उष्माघात आहे, कानानाकाघशात काहीबाही अडकणंही आहे. नाकात वाटाणा घालून घ्यायचं तुमचं वय राहिलं नाही हे मान्य, पण कुटुंबातले अवलंबितही धरले जातात. घरात कुणाला तरी जमेल. यादीबाहेरच्या दुखण्याने मात्र कण्हत बसू नका. आस्थापना शाखेत कण्हण्याची आवक-जावक नोंद होत नाही.

या पद्धतीला शहाणी माणसं स्वविमा म्हणतात. म्हणजे सरकार स्वतःच विमा कंपनी. हप्ता नाही, एजंट नाही, डिसेंबरात कॅलेंडर नाही. लाखो कर्मचारी एका छत्रीखाली, त्यातले दरसाल दवाखान्यात जाणारे थोडे, त्यामुळे एखाद्याचं मूत्रपिंड बदलावं लागलं तरी तिजोरी बुडत नाही. कागदावर हा प्रकार स्वस्तच पडायला हवा. कंपनी आणली की दाव्यांचे पैसे, तिचा कारभारखर्च आणि वर नफा, असं सगळं हप्त्यात बसवावं लागतं. सरकारला नफा नको असतो. त्याला थोडा उशीर पुरतो.

आता प्रात्यक्षिक. माझ्या छातीत रात्री अडीचला कळ आली. हृदयविकाराचा झटका यादीत आहे हे मला रिक्षातच आठवलं आणि निम्मं दुखणं तिथेच कमी झालं. काउंटरवर मुलाने दोन कार्डं घासली, मेहुण्याला उठवलं आणि डिपॉझिट भरलं. इथे नवख्या माणसाचा गोंधळ होतो. त्याला वाटतं विमा सरकारचा आहे. तर पहिली दीड-दोन वर्षं विमा कंपनी तुम्हीच असता. स्वविम्यातला ‘स्व’ तो हा.

घरी आल्यावर डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. मी ती जेवणाच्या टेबलावर घेतली. मेडिकलच्या दुकानाच्या त्रेपन्न चिठ्ठ्या, कोऱ्या कागदांवर डिंकाने ओळीत चिकटवल्या, एकेकीवर डॉक्टरांची सही आणि शिक्का. बायको म्हणाली, ‘‘अहो, स्टेपल करा.’’ मी म्हटलं, ‘‘सरकारी काम आहे, नीट दिसलं पाहिजे.’’

फाइल सिव्हिल सर्जनच्या कार्यालयात गेली आणि त्रुटी लागून परत आली. प्रमाणपत्रावर जावक क्रमांक नव्हता. तो घालून आणला. मग डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक पुसट होता. सात महिन्यांनी तिसरी त्रुटी आली: ‘अ.क्र. 14 ते 31 ची देयके अवाच्य आहेत.’ बघितलं तर चिठ्ठ्या कोऱ्या झालेल्या. त्या मशीनच्या कागदावरची अक्षरं उन्हाने उडतात, डिंकाने तर लवकर उडतात. दुकानदार भला, त्याने सगळ्या पुन्हा काढून दिल्या. त्यावर ‘डुप्लिकेट’ छापून आलं. चौथी त्रुटी तुम्हीच लिहा.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, त्यापेक्षा कंपनीच बरी. जरूर आणा. केरळने 1 जुलै 2022 पासून आणली: मेडिसेप, सुरुवातीला महिना 500 रुपये कापायचे, वर्षाला 3 लाखांचं कवच, कॅशलेस, आणि पेन्शनरही आत. पंजाबनेही 2016 साली कर्मचारी-पेन्शनरांना विमा कंपनीच्या हवाली केलं होतं. वर्ष संपलं आणि मंडळी पुन्हा आपली बिलं घेऊन प्रतिपूर्तीच्या रांगेत. केंद्रात तर सहाव्या आणि सातव्या, दोन्ही वेतन आयोगांनी विम्याची शिफारस केली. पण सीजीएचएस, म्हणजे केंद्राच्या कर्मचाऱ्यांची 1954 ची आरोग्य योजना, अजून ठणठणीत आहे, तिला कुठला झटका येत नाही.

कंपनीच्या राज्यात आजारी पडायची रीत वेगळी, ती शिकून घ्या. तिथे खोलीचं भाडं बघून अंथरूण धरायचं. मर्यादेपेक्षा महागाची खोली घेतलीत तर बऱ्याच पॉलिसींत फक्त भाड्यातला फरक कापत नाहीत, त्याच प्रमाणात डॉक्टरांची फी आणि ऑपरेशनचं बिलही छाटतात. हातमोजे, मास्क, डायपर हे उपचारात धरत नाहीत; सर्जनने ते हौसेने घातले असं समजायचं. आणि डिस्चार्ज सकाळी दहाला मिळाला तरी टीपीएची, म्हणजे कंपनीतर्फे दावे तपासणाऱ्या मधल्या संस्थेची, मंजुरी येईपर्यंत पलंगावर बसून राहायचं, कपडे घालून, पिशवी मांडीवर. यात एक फायदा आहे. सरकारी त्रुटीला निदान सही असते, जाऊन भांडता येतं. कंपनीचा नकार मोबाइलवर येतो, आणि त्याला उत्तर पाठवता येत नाही.

मधला मार्गही आहे म्हणे: पैसा सरकारचाच ठेवायचा, पण यादीवरच्या दवाखान्याने बिल परस्पर सरकारला पाठवायचं. पोलिसांच्या कुटुंब आरोग्य योजनेत कॅशलेसची सोय आहे. पण बाकीच्यांना ती दिली तर आस्थापना शाखेने दिवसभर करायचं काय, याचा विचार कुणी केलेला नाही.

निवृत्ती जवळ आली असेल तर जी काही दुखणी उरली असतील ती सेवेतच उरकून घ्या. नंतर गट वैद्यकीय विमाछत्र योजना आहे, पण त्या छत्राची काडी पेन्शनरने स्वतःच्या पैशाने घ्यायची असते.

माझं बिल मंजूर झालं, 31 मार्चला. अनुदान संपलं होतं. पुढच्या वर्षीच्या अनुदानातून दिवाळीच्या तोंडावर पैसे जमा झाले, एकोणीस हजार कापून. का कापले ते शेऱ्यात लिहिलं होतं. शेऱ्याच्या कागदावर कुणीतरी डिंकाने दुसरा कागद चिकटवलेला होता.