लोकांना त्रास न देता आमदार कसे व्हावे

विधानसभेला पडलात? उत्तम. निम्मी पात्रता तिथेच सिद्ध झाली. उरलेली निम्मी म्हणजे वयाची ३० वर्षं, ती तुमच्याकडे बघूनच कळतात. नरिमन पॉइंटच्या त्याच विधान भवनात शिरायचं आहे, फक्त दार वेगळं. विधान परिषद हे ७८ जणांचं वरिष्ठ सभागृह कधी विसर्जित होत नाही. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात आणि प्रत्येकाला मिळतात पूर्ण सहा वर्षं. खालच्या सभागृहातल्या आमदारापेक्षा वर्ष जास्त, आणि मतदारसंघातली बारशी, मयती, तुंबलेली गटारं त्यामानाने नगण्य.

आता दार निवडा. विधानसभेचे आमदार ३० जागा भरतात, स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य २२, पदवीधर ७, शिक्षक ७ आणि राज्यपाल १२.

पदवीधर मतदारसंघातून उभं राहायचं तर आपण बारावीला कुठे अडकलो होतो याची काळजी करू नका. उमेदवार स्वतः पदवीधर असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ सालीच सांगून ठेवलंय. पदवीची अट मतदाराला. १ नोव्हेंबरच्या आधी किमान तीन वर्षं त्याच्या हातात पदवी हवी, त्याने नमुना १८ भरायला हवा आणि सोबत पदवीच्या प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत जोडायला हवी. खरी गंमत पुढेच आहे. मतदारांची ही यादी दर निवडणुकीला कोरी होते. मागच्या वेळी मत दिलेला सद्गृहस्थ यंदा मतदान केंद्रावर ऐटीत जातो आणि नाव नाही म्हणून भांडून परत येतो. त्याचा अर्ज वेळेत भरून घेणं हाच तुमचा प्रचार. जाहीरनामा नंतर कधीतरी. कार्यकर्त्याने गठ्ठा आणून टाकला तर कार्यालय घेत नाही, पण संस्थेच्या प्रमुखाला आपल्या कर्मचाऱ्यांचे अर्ज एकत्र देता येतात. म्हणून विचारधारेपेक्षा कॉलेजांचे प्राचार्य आणि बँकांचे व्यवस्थापक जोडा. एवढ्या मोठ्या मुंबईत या यादीत जेमतेम लाख-सव्वा लाख नावं असतात. जागरूक मतदाराची भीती बाळगायचं कारण नाही.

स्थानिक संस्थांच्या जागेला मतदार म्हणजे नगरसेवक आणि जिल्हा परिषदेचे सदस्य वगैरे. सगळे ओळखीचे, सगळ्यांच्या अपेक्षाही ओळखीच्या. मध्यंतरी अडचण एवढीच झाली की २०२२ पासून बहुतेक संस्थांवर प्रशासक बसले, मतदार म्हणून कुणी उरलंच नाही आणि परिषदेतल्या जागा एकेक करून रिकाम्या पडल्या. शिक्षक मतदारसंघाबद्दल एवढंच सांगतो, जुनी पेन्शन हे दोन शब्द पाठ असू द्या.

खरी कला आहे ती आमदारांच्या मतांवर निवडून येण्यात. इथे मतदान गुप्त असतं. राज्यसभेला आमदार पक्षाच्या प्रतिनिधीला मतपत्रिका दाखवतो, इथे ती दाखवायची सोय नाही आणि व्हिपही चालत नाही. त्यामुळे पक्षाचा विश्वास पंचतारांकित हॉटेलात ठेवावा लागतो. मतदानाच्या आदल्या दिवसांत आमदार हॉटेलात, बस फाटकाशी आणि नेत्यांच्या चकरा सुरू. मतपत्रिकेवर आयोगाने दिलेल्या जांभळ्या स्केच पेननेच पसंतीक्रम आकड्यात लिहायचा. मराठी १ चालतो, अक्षरी ‘एक’ चालत नाही. बरोबरची खूण केली, दोघांपुढे १ टाकला, खिशातलं भारी पेन काढलं किंवा सवयीने सही ठोकली, तर मत बाद. सही ठोकायची सवय कुणाला जास्त असते, ते ओळखा.

कोट्याचं, म्हणजे जिंकायला किती मतं लागतात याचं गणित मात्र स्वतः शिकून घ्या, कार्यकर्त्यावर सोडू नका. जुलै २०२४ मध्ये ११ जागांना १२ उमेदवार होते आणि मतं देणारे आमदार २७४. प्रत्येक मताचं मूल्य १००, म्हणजे एकूण २७,४००. त्याला जागा अधिक एक, म्हणजे १२ ने भागा, अपूर्णांक सोडून द्या आणि एक मिळवा. आलं २,२८४. पहिल्या पसंतीची २३ मतं मिळाली की जिंकलात, आणि वर १६ गुण शिल्लक. ज्याला २५ मिळाली त्याचे २१६ गुण दुसऱ्या पसंतीप्रमाणे पुढे सरकतात. म्हणून पक्षाने तुमच्यासाठी बरोबर २३ नावं लावली असतील तर झोपू नका. त्यातला एक जण तिकडे गेला की तुमचं नशीब परक्याच्या दुसऱ्या पसंतीवर येतं. जून २०२२ मध्ये याच निवडणुकीचा निकाल लागला त्याच रात्री फुटलेले आमदार थेट सुरतेला पोहोचले आणि दहा दिवसांत सरकारच गेलं. यालाच सभागृहाचं महत्त्व म्हणतात.

हे सगळं जड वाटत असेल तर राज्यपालांचं दार. साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा, यांपैकी कशाचं तरी विशेष ज्ञान किंवा अनुभव हवा. समाजसेवेत काहीही बसतं. माडगूळकर आणि महानोर याच दाराने आले. ते खरोखरच कविता करायचे, तेवढं मनावर घेऊ नका. इथे लागतो तो संयम. नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने पाठवलेली १२ नावं राजभवनावर पडून राहिली, सरकार बदललं आणि नव्या सरकारने यादीच मागे घेतली. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये विधानसभा निवडणूक जाहीर होण्याच्या काही तास आधी सात जणांचा शपथविधी उरकला. मुहूर्त काय असतो ते तेव्हा कळलं.

आत गेल्यावर दमण्याचं कारण नाही. अर्थसंकल्प इथे राज्यमंत्री वाचतात, कारण अर्थमंत्री तेव्हा खालच्या सभागृहात वाचत असतात. त्यावर तुम्ही हवं तितकं बोला, अनुदानाच्या मागण्यांवर मतदान मात्र तुमचं नाही. धन विधेयक १४ दिवस ठेवून घेता येतं. साधं विधेयक पहिल्यांदा तीन महिने, विधानसभेने पुन्हा पाठवलं तर आणखी एक महिना. त्यानंतर तुम्ही हो म्हणा किंवा नाही, ते मंजूरच समजलं जातं. संसदेसारखी संयुक्त बैठक राज्यात नसते. तुम्ही सरकार पाडू शकत नाही, राष्ट्रपतींना मत देऊ शकत नाही, राज्यसभेलाही नाही. नियम २६० अन्वये चर्चा लावा, लक्षवेधी लावा. उत्तर द्यायचं त्या मंत्र्याला विधानसभेत काम निघतं आणि सभागृह दहा मिनिटांसाठी तहकूब होतं. चहा तेवढ्यात घ्या. गणपूर्तीला दहाच सदस्य लागतात, तेव्हा कॅन्टीनमधून कधी उठायचं ते घंटा ऐकून ठरवा.

काम करून दाखवायचा मोह टाळा. वि. स. पागे याच परिषदेचे सभापती होते आणि त्यांनी रोजगार हमी योजना उभी केली. १९७७ साली तिचा कायदा झाला, पुढे देशाने तीच कल्पना उचलली. असलं काही केलं की लोक बाकीच्यांकडूनही अपेक्षा धरतात.

परिषदच रद्द झाली तर, ही शंका काढून टाका. त्यासाठी विधानसभेने विशेष बहुमताने ठराव करावा लागतो आणि मग संसदेने कायदा. आंध्रने जानेवारी २०२० मध्ये ठराव केला होता. मग परिषदेत सत्ताधाऱ्यांचंच बहुमत झालं आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तो ठराव मागे घेतला गेला.